भिंतीकडच्या पायऱ्या

"ओ पावणं! भिताडाकडनं सरका! सरका म्हणतोय न्हवं!"

शशिधर माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य हे. नुसता ओरडून थांबला असता तर ठीक होतं, पण हा गडी वरनं दोन-दोन पायऱ्या टाकत आला आणि माझं मनगट धरून मला भिंतीपासनं सरळ कठड्याकडं ओढलं. माझ्या हातातली टेप सुटली आणि सर्रकन गुंडाळत जिन्याखाली गेली. मागोमाग वही गेली. कानामागची पेन्सिल तेवढी जागेवर राहिली.

मी ऐकून घेणाऱ्यातली नव्हे. "हात सोडा," मी म्हटलं. "मापं घ्यायला आलेय मी. फुगडी घालायला न्हाई."

त्यानं हात सोडला... पण लगेच नाही. आणि तो माझ्याकडं बघतही नव्हता. पालखी पुढं जाईपर्यंत माणसं उभी राहतात ना, तसा मान खाली घालून भिंतीकडच्या रिकाम्या पायऱ्यांकडं बघत उभा होता. बाहेर भर दुपार. चार मजल्यांची भरलेली बिल्डिंग, पण कुठं रेडिओ नाही, कुकरची शिट्टी नाही, पोरांचा दंगा नाही. सगळी दारं आतनं बंद. जिन्यातल्या गोल खिडकीतनं ऊन येत होतं आणि त्या उन्हातली धूळ हळूहळू खालच्या बाजूला सरकत होती, कुणाच्या तरी पदराचा वारा लागल्यासारखी.

"गेली," तो हळूच म्हणाला.

"कोण गेली?"

"पैंजणवाली. रोज तीनला उतरते." मग पहिल्यांदा त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. लांब पापण्या, कपाळावर विभूतीची पुसट रेघ, अंगाला सागवानी भुशाचा वास. "तुमच्या अंगावरनं गेली असती की ओ. नवीन हाय म्हणून ओढलं. राग मानू नका."

मला खरं तर हसायला यायला हवं होतं. पण खरं सांगू? मलाही काहीतरी जाणवलं होतं. पैंजण नाही... वास. फिनेलचा आणि ओल्या राखेचा.

"मोगऱ्याचा वास आला न्हवं?" त्यानं विचारलं.

"व्हय," मी म्हटलं. पहिल्याच भेटीत मी त्याच्याशी खोटं बोलले.

ही गोष्ट १९९८ च्या ऑक्टोबरमधली. मी तेवीस वर्षांची होते. सिव्हिलचा डिप्लोमा करून गणपतरावांच्या ऑफिसात ड्रॉइंगच्या टेबलाला चिकटले होते. गणपतराव आमचे साहेब, आर्किटेक्ट. त्यांनी सांगितलं, "शाहूपुरीत रुद्राणी बिल्डिंग हाय. लिफ्ट बसवायची म्हणतात. जिन्याची, खोल्यांची सगळी मापं घेऊन ये." आणि मी टेप घेऊन निघाले.

रुद्राणी बिल्डिंग तुम्ही बाहेरनं बघितली असती तर प्रेमात पडला असता. मी पडले. गोल वळणाच्या बाल्कन्या, प्रत्येक खिडकीवर पापणीसारखा छज्जा, दारावर उगवत्या सूर्याची लोखंडी जाळी, आणि वर सिमेंटमध्ये ठसठशीत अक्षरं – 'रुद्राणी, १९३९'. कोल्हापुरात तेव्हा लोक आपापल्या घरात, वाड्यात राहायचे. एकावर एक बिऱ्हाडं रचायची ही मुंबईची तऱ्हा. गुळाचे व्यापारी रुद्रय्या मुंबईला गेले, तिथल्या इमारती बघून खुळावले आणि तसाच नकाशा करून घेऊन आले. पण वास्तुशांतीआधीच त्यांची तरुण बायको, रुद्राणी, तापानं गेली. इमारतीला तिचं नाव दिलं. शशिधर त्या रुद्रय्यांचा नातू, त्यांच्या दुसऱ्या बायकोकडचा. उद्यमनगरात त्याचं पॅटर्नचं दुकान होतं. फाउंड्रीवाल्यांना ओतकामासाठी लाकडी नमुने करून द्यायचा. तिसऱ्या मजल्यावर तो आणि त्याची अव्वा, म्हणजे आई, दानेश्वरी. लिफ्ट हवी होती ती अव्वांच्या गुडघ्यांसाठी.

आणि जिन्यावर रुद्राणी उतरते, हे बिल्डिंगमधल्या बारक्या पोरालाही ठाऊक होतं. हुपरीचे चांदीचे पैंजण घालून, मोगरा माळून, दुपारी तीनला. म्हणून तीनला सगळे दार लावून घेत. आणि एरवीही भिंतीकडनं कुणी चढायचं-उतरायचं नाही. ती तिची वाट. माणसांनी कठडा धरून जायचं.

"म्हणजे तुमच्या सावत्र आज्जीसाठी निम्मा जिना रिकामा सोडलाय?" मी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"तुम्ही टेपचं कुठलं टोक धरणार ते सांगा, मॅडम," तो म्हणाला. दुकान सोडून तो मापं धरायला आला होता. अव्वांनी पाठवलं म्हणे. मी काही अव्वांना विचारायला गेले नाही.

"मी आकडा वाचते. तुम्ही शून्य धरा."

"शून्यच यायचं आमच्या वाट्याला."

"शून्य हललं की सगळं माप चुकतंय. धरता येत असलं तर धरा, न्हाईतर दुकानात जावा."

त्यानं धरलं. आठ दिवस धरलं. एका टोकाला तो, एका टोकाला मी, मधे पोलादी पट्टी. तो मुद्दाम टोक किंचित ओढायचा, मी आकडा चुकायचे, पुन्हा वाचायचे. "हलू नका की!" मी ओरडायचे. "मी कुठं हलतोय, जग हलतंय," तो म्हणायचा. असला चावट. दुपारी परतीचा पाऊस यायचा, गोल खिडकीच्या काचेवरनं पाणी ओघळायचं, लाइट जायची, आणि त्या अंधुक जिन्यात आम्ही दोघं मापाची वही मधे ठेवून बसायचो... कठड्याच्या बाजूला. मॅडमचं अनुजा झालं. तुम्हीचं तू झालं. तो घरनं शेंगाच्या पोळ्या आणायचा. "अव्वानं दिल्यात," म्हणायचा, आणि मी खाईपर्यंत माझ्या तोंडाकडं बघत बसायचा.

मला तो आवडला होता. उगीच आडवळण कशाला? पार आवडला होता. रात्री उशीला टेकलं की त्याचं ते 'पावणं' ऐकू यायचं. पण एक गोष्ट होती. मी त्याला नाव सांगितलं होतं, अनुजा जोतीराम. पुढं आडनाव सांगितलं नव्हतं. त्यानंही विचारलं नव्हतं. आमचं आडनाव कोल्हापुरात ऐकलं की माणसं 'असं होय' म्हणतात आणि पाण्याचा पेला जरा लांब ठेवतात. सगळीच नव्हे, पण ठेवतात. आडनाव कळल्यावर शशिधर काय करेल, एवढाच एक प्रश्न माझ्या आयुष्यात तेव्हा उरला होता. तो कपाळावर विभूती लावतो, गळ्यात इष्टलिंग आहे, घरात बसवण्णांचा फोटो आहे, तिथं माणसात भेद नाही म्हणतात... असं मी स्वतःला समजावायचे. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गप्प बसायचे.

मापं मात्र गप्प बसेनात.

पहिलं, जिना सहा फुटी. असल्या बिल्डिंगला साडेतीन फूट पुष्कळ झाले. दुसरं, मागच्या भिंतीत प्रत्येक मजल्यावर, संडासाच्या मागं, एकेक अरुंद दार होतं. खिळे मारून बंद केलेलं. मी फटीतनं बघितलं. दाराबाहेर काहीच नव्हतं. ना गॅलरी, ना पायरी, नुसती हवा. त्या दारांखाली भिंतीत बोल्टची भोकं तेवढी होती.

"ही दारं कुठं उघडतात?"

"रुद्रय्याअज्जाच्या वेळची हायत," शशिधर म्हणाला. "ल्हानपणी आम्हाला सांगायचे, तिकडं जाऊ नका, रुद्राणी तिथनं आत येते."

आणि तिसरं, पायऱ्या. शहाबादी फरशीच्या पायऱ्या होत्या. मी प्रत्येक पायरीवर सरळ पट्टी आडवी ठेवली आणि खालची फट मोजली. कठड्याकडं, जिथनं साठ वर्षं चार मजल्यांची माणसं चढली-उतरली, तिथं पायरी पाच-सहा सूत, म्हणजे जेमतेम पाऊण इंच, झिजली होती. समजण्यासारखं आहे. भिंतीकडं, जिथनं कुणीच जात नाही, तिथं सव्वा इंच.

मी तीनदा मोजलं. सव्वा इंच. प्रत्येक पायरीवर, एकच पाऊल मावेल एवढा गुळगुळीत खळगा.

"शशिधर," मी म्हटलं, "भुताच्या पायानं दगड झिजतोय व्हय रे?"

तो हसला नाही. मी उठून भिंतीला हात लावला. खालपासनं वरपर्यंत, गिलाव्यावर हाताच्या उंचीला एक काळपट, चकचकीत पट्टा गेला होता. कुणीतरी वर्षानुवर्षं तळवा टेकत चढल्यासारखा. तो पट्टा उंच माणसाच्या हाताचा नव्हता. माझ्यासारख्या बुटक्या बाईच्या हाताचा होता. माझा तळवा त्यावर बरोब्बर बसला... आणि भिंत गार नव्हती. उबदार होती.

तेवढ्यात लाइट गेली. वरनं एकेक दार लागत आलं, धाड, धाड, धाड. तीन वाजले होते. आणि मी ऐकलं. छुम्... छुम्. सावकाश, जड पावलाचं. नटव्या बाईचं चालणं असं नसतं. डोक्यावर ओझं असलं की माणूस पाऊल चाचपून टाकतं, तसं ते होतं. पुन्हा फिनेल, पुन्हा राख.

शशिधरनं मला ओढून कठड्याशी धरलं. माझी पाठ त्याच्या छातीला लागली होती. छुम् आमच्या पायरीशी आलं. थांबलं. अगदी माझ्यासमोर. किती वेळ, देव जाणे. मग खाली गेलं.

"कधी थांबत न्हाई ती," तो माझ्या केसांत कुजबुजला. "तुझ्यापाशी थांबली."

"मला बघायला आली असंल," मी उसनं अवसान आणून म्हटलं. "घरात सून येणार म्हणून."

बोलून गेले आणि जीभ चावली. त्यानं हात मात्र काढला नाही.

"येशील?" तो म्हणाला. "अव्वाला सांगू?"

मी मान हलवली. व्हय म्हणाले की न्हाई, मलाच कळलं नाही. तो मात्र एवढा हसला, एवढा हसला...

दुसऱ्या दिवशी अव्वांनी ट्रंकेतला जुना नकाशा काढून दिला, १९३८ सालचा, निळ्या कागदावरचा. मी तो जमिनीवर पसरला. मागच्या भिंतीत ती दारं दाखवली होती आणि दारांबाहेर गोल गोल वर चढणारा लोखंडी जिना. बाजूला लिहिलं होतं, 'सफाईचा जिना'. प्रत्येक संडासाखाली एकेक टोपली काढली होती.

म्हणजे टोपलीचे संडास होते. सफाईवाल्या माणसानं मागनं यायचं, मागनं जायचं, समोरच्या जिन्यावर त्याची सावली पडायची नाही. आणि ३९ साली महायुद्ध लागलं, लोखंड मिळेना. मागचा जिना झालाच नाही, पुढचाच दुप्पट रुंद करून भागवलं.

"अव्वा, मग टोपल्या कुठनं न्यायचे?"

अव्वा शेंगा सोलत होत्या. त्यांचा हात थांबला. "जुन्या गोष्टी कशाला उकरतीस पोरी," त्या म्हणाल्या. "तू लिफ्टचं बघ." आणि पुन्हा सोलायला लागल्या. पण टरफलं पातेल्यात आणि दाणे केरात पडायला लागले.

त्या संध्याकाळी मी घरी आबांना सगळं सांगितलं. माझे वडील, जोतीराम, एका शाळेत शिपाई होते. भुताची गोष्ट म्हणून सांगत होते मी, हसत हसत, रुद्राणी बिल्डिंग, तीन वाजता, पैंजण... आबांनी घास खाली ठेवला.

"रुद्राणी न्हवं ती," ते म्हणाले. "तुझी आज्जी हाय. झुंबरबाई."

"आज्जी तिथं कशाला जायची?" मी विचारलं.

"सगळ्यांची जेवणं उरकली की तीनला जायची. मागनं वाट न्हवती, म्हणून मोठ्या जिन्यानं. डोक्यावर टोपली, एक हात भिताडाला. कठड्याला हात लावायचा न्हाई, अशी ताकीद होती. रुद्रय्याशेठनं पैंजण करून दिलं. हुपरीचं. लोक म्हणायचे, झुंबरबाईचं नशीब बघा, शेठनं चांदी दिली. चांदी कशापायी, तर आवाज आला की बायकांनी दारं लावावीत, जिन्यात कोण असलं त्यानं सरकावं." आबा उठले. फळीवरचा पत्र्याचा डबा काढला, चिंधीत बांधलेली जोडी माझ्या हातात ठेवली. "उंबऱ्याबाहेर काढून ठेवायची. म्हणायची, दागिना न्हवं हा, घंटा हाय. अडुसष्ट साली फ्लशचे संडास झाले, तिचं काम सुटलं. वर्षात गेली."

"अठ्ठावीस वर्षांत दगड एवढा झिजतोय, आबा? एका बाईच्या पायानं?"

"न्हाई झिजत," आबा म्हणाले. त्यांनी रिकाम्या डब्याला झाकण लावलं. "अजून उतरतीया म्हण की."

मी रात्रभर त्या पैंजणांकडं बघत होते. आता सगळं जुळत होतं. बाई गेली, पण तीनला दार लावायची सवय राहिली. पोरं विचारायला लागली, का सरकायचं? खरं सांगायची लाज वाटली. मग कुणीतरी मोगरा माळला, कुणीतरी रुद्राणी म्हटलं. ज्या बाईला शिवायचं नव्हतं तिचीच देवी करून ठेवली, आणि वर पुन्हा तिच्यापासनं सरकायचं ते सरकायचंच! मला हसू आलं आणि मी ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी तीनला पाच मिनिटं कमी असताना मी शशिधरला जिन्यात गाठलं. मी भिंतीकडच्या पायरीवर उभी राहिले. तो माझ्याशेजारी येऊन उभा राहिला, हसत, हातात शेंगाच्या पोळीचा डबा. मी त्याला सगळं सांगितलं. आडनावासकट. झुंबरबाईसकट. पैंजणांची जोडी त्याच्यापुढं धरली.

"अनुजा..." तो म्हणाला. "म्हणजे अज्जानं..."

आणि वरनं आवाज आला. छुम्. पैंजण माझ्या हातात होते, आणि जिन्यावर वाजत होते. दारं धडाधड लागली. छुम्... छुम्...

शशिधर सरकला.

माझ्या शेजारनं, एका झटक्यात, कठड्याकडं. डबा पडला, पोळ्या पायऱ्यांवर पसरल्या. त्यानं मुद्दाम केलं नाही, हे मला आज कळतं. जन्मापासनं लागलेली सवय होती ती, पापणी मिटते तशी. पण तेव्हा मी बघितलं ते एवढंच, की मी भिंतीशी होते, माझी आज्जी वरनं येत होती, आणि ज्याच्यावर मी जीव टाकला तो तीन फूट लांब जाऊन कठड्याला चिकटला होता.

त्याच्याही लक्षात आलं. त्यानं हात पुढं केला... "अनुजा, मी... अगं, ते आपोआप..."

"व्हय," मी म्हटलं. "साठ वर्षं आपोआपच चाललंय." मी पैंजण पायरीवर टाकले आणि खाली निघाले. माझ्या मागनं ती पावलं येत राहिली, थेट दारापर्यंत, मला पोचवायला आल्यासारखी. मी मागं वळून बघितलं नाही.

दहा दिवस गेले. तो आला नाही, फोन नाही, चिठ्ठी नाही. मी ऑफिसात मान खाली घालून नकाशा काढत होते. साहेबांनी जिन्याच्या मोकळ्या भागात लिफ्ट दाखवायला सांगितलं होतं. मी लिफ्ट मागच्या अंगाला, त्या हवेतल्या दारांशी दाखवली. आणि भिंतीकडच्या तीन फुटांवर, मापाच्या बाणांमधे, सुबक अक्षरात लिहिलं – 'झुंबरबाईंची वाट'. साहेबांनी चष्म्यातनं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि सही केली. "जाऊन देऊन ये," म्हणाले.

मी मुद्दाम तीनलाच गेले. भ्यायचं कुणाला? माझीच आज्जी ती.

दारं लागली होती. मी चप्पल खाली काढली आणि भिंतीकडनं चढायला लागले, तळवा त्या काळ्या पट्ट्यावर टेकत. प्रत्येक खळग्यात माझं पाऊल बरोबर बसत होतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, गोल खिडकीखाली, कुणीतरी बसलं होतं. भिंतीकडच्या पायरीवर. अनवाणी. दाढी वाढलेली, डोळे तांबडे.

"रोज बसतोय," शशिधर म्हणाला. "तीनला. इथंच. पहिले चार दिवस जमलं न्हाई. आवाज आला की पाय आपोआप उठायचे. पाचव्या दिवशी कठड्याला पाठ करून बसलो, डोळं मिटून, भिताडाला दोन्ही हात लावून. ती माझ्या अंगावरनं गेली, अनुजा."

"मग?" मी विचारलं.

"काय न्हाई. गार वारा. आणि फिनेलचा वास." त्यानं माझ्याकडं बघितलं. "मोगऱ्याचा न्हवताच कधी. मला पण फिनेलचाच यायचा, ल्हानपणापासनं. सगळे मोगरा म्हणायचे म्हणून मी बी म्हणायचो."

मी त्याच्या शेजारी बसले.

त्यानं खिशातनं चिंधी काढली. आज्जीची जोडी. पण वेगळी दिसत होती. खालची घुंगरं नव्हती, एकही नाही. नुसते गुळगुळीत चांदीचे वाळे. "हुपरीला गेलतो," तो म्हणाला. "सोनार म्हणाला, पैंजणाचं घुंगरू काढतंय व्हय कोण, खुळा का काय तू? म्हटलं, व्हय, खुळा हाय. एकेक काढून घेतलं. आता ह्याला आवाज न्हाई. आता कुणाला कळायचं न्हाई कोण येतंय ते. कोण सरकणार बी न्हाई." त्यानं वाळे माझ्या हातात ठेवले. "मी एकदा सरकलो. पुन्हा न्हाई सरकणार. तुझी शपथ. माझ्याशी लग्न करशील?"

मी उत्तर द्यायच्या आत वर पाऊल वाजलं.

पण छुम् नाही. ह्या वेळी घुंगरू नव्हतं. नुसतं अनवाणी पाऊल, थप्... थप्. आम्ही दोघं भिंतीला टेकून बसलो होतो. वाट अडवून. शशिधरनं माझा हात धरला, त्याच्या तळव्याला घाम फुटला होता, पण तो हलला नाही. पाऊल आमच्या वरच्या पायरीशी आलं. थांबलं. फिनेल, राख... आणि मग कठडा करकरला.

साठ वर्षांचा सागवानी कठडा. कुणीतरी त्यावर हात ठेवल्यासारखा, आधी भीत भीत, मग नीट धरून. थप्... थप्... पावलं आमच्या भोवतीनं वळली आणि कठड्याच्या बाजूनं उतरायला लागली. वळणावळणाला कठडा करकरत होता, सावकाश, मजेत, घाई नसलेल्या बाईसारखा. खाली दरवाज्याची सूर्याची जाळी उघडली आणि आपल्या आपण मिटली. मग रस्त्यावरची रिक्षा ऐकू आली, एवढंच.

वर एक दार उघडलं होतं. अव्वा उंबऱ्यात उभ्या होत्या, दार धरून. तीन वाजता उघडं दार, त्या बिल्डिंगमध्ये.

"सदुसष्ट साली मी सून होऊन आले," त्या म्हणाल्या. "वर्षभर बघितलंय मी तिला. मी पण सरकत होते, पोरी. मी पण दार लावत होते." मग त्यांनी डोळे पुसले आणि एकदम करड्या आवाजात म्हणाल्या, "आता जिन्यातच संसार मांडताय का घरात येताय? शेंगाच्या पोळ्या गार होतील."

आम्ही गेलो. भिंतीकडनं.

पुढच्या वैशाखात आमचं लग्न झालं. दोन-चार बिऱ्हाडं जेवायला आली नाहीत, त्यातली दोन पुढं डोहाळजेवणाला आली. जिन्यात त्यानंतर कुणी पावलं ऐकली नाहीत, आणि तीनला आता पोरं कठड्यावरनं घसरतात. लिफ्ट अजून बसलेली नाही. अव्वाच म्हणते, नको. ती कठडा धरून दमत दमत चढते आणि मी तिच्या शेजारनं भिंतीकडनं, पायात ते बिनआवाजाचे वाळे घालून. कधी समोरनं कुणी नवीन माणूस घाईनं उतरत येतं आणि आम्हाला बघून सवयीनं म्हणतं, "ओ, जरा सरका की." मग मागनं येणारा शशिधर माझं मनगट धरतो, पहिल्या दिवशी धरलं होतं तसंच, आणि आम्ही जागचे हलत नाही.